आधी मेल जाऊ द्या

सध्या मी दुपारभर आमच्या दाराशी खुर्ची टाकून बसते आणि हातात लाल झेंडा धरते. येणारा-जाणारा बघून हसतो. समोरचा किराणावाला परवा म्हणाला, "अम्मा, कौन सी पार्टी?" मी म्हटलं, "दूध पार्टी." त्याला काही कळलं नाही, पण त्यानं पुढे विचारलंही नाही. म्हाताऱ्या बाईला फार विचारू नये, ती सांगत बसते, एवढं गोंदियातल्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे.

झेंडा माझा नाही. तो आमच्या जुन्या घरमालकिणीचा. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलेलं तिला आवडलं नसतं असं नाही, फार आवडलं असतं, आणि म्हणूनच लिहीत नाही. तिनं मला आयुष्यभर पुरेल एवढं छळलंय.

ती रेल्वेच्या फाटकवाल्याची बायको. नवरा होता तोवर रुळाशेजारच्या एका खोलीत राहिली. तो गेल्यावर गोंदियालगत फुलचूरला चार खोल्यांचं घर बांधलं, त्यातल्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. सगळा मोहल्ला तिला फाटकवाली म्हणे. नवऱ्याचे दोन झेंडे, एक लाल आणि एक हिरवा, तिनं खुंटीवर टांगून ठेवले होते. ते सरकारी आहेत, परत करायला हवे होते, असं मी एकदा म्हटलं. (मी तेव्हा अशी वाक्यं बोलत असे.)

"गेलती ना वापस कराले," ती म्हणाली. "साहेब जेवाले गेला होता. मी का दिवसभर उभी राहू? घेऊन आली वापस."

नवरा गेला तरी तिच्या अंगातलं फाटक गेलं नव्हतं. माझ्या कुकरची शिट्टी झाली की ती जेवता जेवता उठून उभी राहायची, हात धुवायलाही विसरायची. मग आतून ओरडायची, "किती शिट्ट्या देनार, पह्यले सांगत जाय ना वं!" मी वरण लावताना मोठ्यानं "तीन!" म्हणून ओरडत असे. चौथी झाली की भांडण.

माणसांचीही तिनं गाड्यांप्रमाणे वाटणी केली होती. घाईत असणारा तो एक्सप्रेस, जिथेतिथे थांबून गप्पा मारणारा तो पॅसेंजर, आणि जड, हळू, कुणाचं न ऐकणारा तो मालगाडी. माझ्या नवऱ्याला ती डबा म्हणायची, कारण तो कुणीतरी ओढल्याशिवाय हलत नसे. मला म्हणायची सिंगल लाइन. "हिच्यात एका वेळी एकच गोष्ट जाते. दुसरी आली का टक्कर."

आता कुणी म्हणेल, शहाणी बाई होती. अजिबात नव्हती. छताचा पंखा माणसाच्या अंगातली ताकद वर ओढून घेतो, असं तिचं ठाम मत होतं. मुळा खाल्ला की नजर कमी होते. नागपूरच्या लोकांना भात खाता येत नाही, ते नुसता चिवडतात. मी नागपूरची, त्यामुळे हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागे. तिचं बरोबर निघालेलं मला एकच आठवतं, आणि तेही तिचं नव्हतं, एका डॉक्टरीणबाईंचं होतं. तिनं फक्त ते राबवलं.

आणि मी? मी गृहविज्ञान घेऊन बी. ए. झाले होते. तान्ह्या बाळाचा आहार हा धडा मला परीक्षेत आला होता आणि मी तो उत्तम लिहिला होता. तेवढ्या जोरावर मी स्वतःला कुणी तरी समजत असे. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, पाहुण्यांचा चहा थंड होऊ द्यायचा नाही आणि मनातल्या मनात सगळ्यांना अडाणी म्हणायचं, अशी माझी क्रांती चालली होती. आज ती पोरगी मला भेटली तर मी तिला आधी एक चहा पाजेन आणि मग हलवून जागी करेन.

सासर इटियाडोह धरणाच्या कालव्यावरचं, धानाच्या शेतीचं. नवरा गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये. आणि गोंदिया जंक्शन. जंक्शनच्या गावात दोन खोल्या भाड्यानं घेणं म्हणजे काय, ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. बालाघाटहून चंद्रपूरला जाणारा, दुर्गहून नागपूरला जाणारा, सगळे नातेवाईक गोंदियात गाडी बदलत. ज्याची गाडी चुकली तो आमच्याकडे, ज्याची लेट तो आमच्याकडे, आणि ज्याची अगदी वेळेवर, तो आदल्या गाडीनं येऊन आमच्याकडे. त्यात उन्हाळा, म्हणजे लग्नसराई. त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी माझा पहिला मुलगा जन्मला.

मे महिन्यातलं गोंदिया तुम्ही पाहिलं असेल तर मी सांगायला नको. पाहुणा यायचा, माठातलं पाणी स्वतः ढसाढसा प्यायचा, आणि उरलेली माया घेऊन बाळाकडे वळायचा. "अवो, एवढी गर्मी, लेकराले पानी पाजा ना थोडंसं." एक चमचा मामेसासूचा, एक चमचा आतेनणंदेचा, एक चमचा कुणाचा हे मला अजूनही कळलेलं नाही. त्यांची गाडी दहा मिनिटं थांबणार होती म्हणून ते आले होते म्हणे. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. सगळ्यांना बाळ आवडत होतं, आणि आवडलं की चमचा हातात यायचा.

मी सगळं बघत असे. धड्यात तसं नव्हतं, हे मला माहीत होतं. पण दोनच खोल्या, पंखा एकाच खोलीत, म्हणून पाहुणे त्याच खोलीत. दुसरी खोली स्वयंपाकाची, तिला दार नाही. बाळाला अंगावर घ्यायचं तर सगळ्यांना उठा म्हणावं लागलं असतं. ते मला शक्य नव्हतं. मग मी पाहुणे जाण्याची वाट बघे. ते गेले की दुसरे येत. बाळ रडे, कुणीतरी चमचाभर पाणी घाली, बाळ गप्प होई. हळूहळू ते रडेनासंच झालं.

"किती गुणाचं लेकरू! आवाजच नाई त्याचा," सगळे म्हणू लागले.

आणि मी, बी. ए., हे ऐकून लाजत होते. माझ्या संस्कारांचं कौतुक चाललंय असं मला वाटत होतं.

अशाच एका दिवशी फाटकवाली दारात येऊन उभी राहिली. खोलीत कोण पाहुणे होते तेही तिनं बघितलं नाही. "मेलची शिट्टी नाई ऐकू येऊन राहिली मले," ती म्हणाली. बाळाला ती मेल म्हणायची, कारण मेलगाडी आली की बाकी सगळ्यांनी बाजूला व्हायचं. "सकाळपासून मी कान लावून बसली हाये. आन् दोरीवर लंगोट काऊन एवढेसेच?"

मी म्हटलं, "आज त्यानं ओले कमी केले."

"कमी केले म्हंजे? थो का काटकसर करून राहिला?"

तिनं बाळाला उचललं. त्याचे ओठ कोरडे होते. तिनं गालाला बोट लावलं तर त्यानं डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले. टाळूवरचा मऊ भाग खोल गेला होता. मी रोज तेल लावत होते त्या जागी, आणि मला दिसलं नव्हतं. फाटकवाली काही बोलली नाही. ती बोलत नाही हे मी पहिल्यांदा पाहिलं. तिनं बाळ माझ्या हातात दिलं आणि खुंटीवरचा हिरवा झेंडा ओढला.

पुढचं गोंदियातल्या बऱ्याच लोकांना आठवत असेल. भर बाजारातून एक ऑटो चालला होता आणि त्यातून एक म्हातारी अर्धी बाहेर वाकून हिरवा झेंडा हलवत होती. "हटो! मेल है! हटो!" लोक हटले. का हटले, कुणास ठाऊक. हिरवा झेंडा आणि तो आवाज, एवढं पुरेसं होतं. हातगाडीवाले हटले, सायकली हटल्या, एक बैल सुद्धा हटला. मी आत बाळाला छातीशी धरून देवांची नावं घेत होते आणि एकाही देवाचं नाव पूर्ण आठवत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या इवल्याशा हाताला सुई लावली आणि दोन दिवस ठेवून घेतलं. जरा बरं वाटू लागल्यावर मला समोर बसवून विचारलं, "ह्याला पाणी कोण देतं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "म्हणजे, सगळेच."

"हे बघा," त्या म्हणाल्या, "एवढंसं पोट. पाण्यानं भरलं की दुधाला जागा राहत नाही. आणि तो ओढणार नाही तर तुम्हाला दूध येणार कसं? त्याला लागणारं पाणी त्याच्या दुधातच असतं, उन्हाळा असू द्या नाही तर आणखी काही. मागेल तेव्हा पाजा, मागण्याची वाटही बघू नका. मी सांगेपर्यंत वरचं पाणी नाही, मध नाही, साखरपाणी नाही. आणि घरच्यांना पाणी पाजायची एवढीच हौस असेल, तर आईला पाजा म्हणावं."

फाटकवाली भिंतीशी ताठ उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "बाई, हे सांगणं हाये का ऑर्डर हाये?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "ऑर्डर समजा."

"लेखी?"

"तोंडी."

"तोंडीबी चालते," फाटकवाली म्हणाली.

घरी आलो तर अंगणाच्या फाटकावर लाल झेंडा. कडुनिंबाखाली एक स्टूल, एक माठ, एक ग्लास. बाळ अंगावर असलं की झेंडा वर, आणि कुणीही आत यायचं नाही. तिनं माझ्या नवऱ्यालाही सोडलं नाही. तो मिलमधून जेवायला येई आणि अर्धा अर्धा तास स्टुलावर बसून राही. "डबा साइडिंगले लावला हाये," ती आतून मला ओरडून सांगे.

पाहुणे चिडले. एक मामेसासरे म्हणाले, "आमी का परके आहो?" ती म्हणाली, "अजी भाऊ, फाटकावर कोनी परका नसते, आन् कोनी सगाबी नसते. फाटक बंद हाये." कुणी म्हणालं, आमची गाडी सुटेल. ती म्हणाली, "सुटू द्या. उद्या दुसरी हाये. ही मेल एकच हाये." लग्नाला निघालेल्या एका आत्याबाई शाप देत निघून गेल्या. फाटकवालीनं त्यांना हिरवा झेंडा दाखवून रवाना केलं.

मी आतून हे ऐकत असे आणि खूश होत असे. किती सोपं! विरोध करायला दुसरी बाई आहे, वाईट तीच होते, मी पदर घेऊन चांगलीच्या चांगली. हे सुख फार दिवस टिकलं नाही.

एके दिवशी तिला बाजारात जायचं होतं. तिनं दोन्ही झेंडे माझ्या खाटेवर टाकले. "लाल कवा आन् हिरवा कवा, मालूम हाये ना?"

"मी बी. ए. आहे," मी म्हटलं.

"म्हनून इचारलं," ती म्हणाली आणि गेली.

नेमके त्याच दिवशी गावाहून सासू-सासरे आले. बाळ दवाखान्यात होतं हे त्यांना नुकतंच कळलं होतं. बाळानं तेव्हा कुठे नीट तोंडात धरायला सुरुवात केली होती. दवाखान्यातून आल्यापासून त्याला धरायलाच वेळ लागे. धरायचं, सोडायचं, रडायचं, पुन्हा मी त्याला जवळ घ्यायची. त्या दुपारी त्यानं बऱ्याच खटपटीनंतर धरलं होतं आणि गटागट आवाज येत होता. जगात त्याच्याहून चांगला आवाज मी ऐकला नाही. आणि अंगणाच्या फाटकाची कडी वाजली.

"अवो, कोनी हाये का? लेकरासाठी गूळपानी आनलं हाये, मी सोता पाजीन माया नातवाले," सासूबाईंचा आवाज.

त्यांना अडवायला आता माझ्याशिवाय कुणी नव्हतं. बाळाला सोडवलं असतं तर पुन्हा कधी धरेल सांगता येत नव्हतं. मी तशीच उठले. पदराखाली बाळ, ते पितच होतं. दुसऱ्या हातानं खाटेवरचा झेंडा उचलला आणि अंगणात येऊन तो उंच धरला.

सासरे फाटकात थांबले. मोठे शांत गृहस्थ. त्यांनी झेंड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा झेंड्याकडे बघितलं. "सूनबाई," ते म्हणाले, "हिरवा दाखवून राहिली ना तू. म्हंजे येऊ का आमी?"

मी वर बघितलं. हिरवाच होता.

"नाही!" मी म्हटलं.

सासऱ्यांशी मी बोललेला तो पहिला शब्द. लग्नाला एवढे दिवस झाले होते, आणि पहिला शब्द तो. त्यानंतर बाकीचे आपोआप आले. "तो पितोय. त्याचं होईपर्यंत कुणी आत यायचं नाही. पाणी द्यायचं नाही. गूळपाणी नाही, मध नाही, काहीच नाही. पाण्यानंच तो असा झाला. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. आता बोलते आहे."

"पदर! पदर घे वं नीट!" सासूबाई ओरडल्या.

"पदर घेतलाच आहे," मी म्हटलं. "त्यात तुमचा नातू आहे."

सासऱ्यांनी पाठ फिरवली. मला वाटलं, झालं, आता हे तसेच परत जाणार आणि मला माहेरी धाडणार. पण ते कडुनिंबाखाली गेले आणि रस्त्याकडे तोंड करून स्टुलावर बसले. सासूबाई उभ्याच होत्या, तांब्या दोन्ही हातांनी घट्ट धरून. झेंडा फडफडत होता, वारा अजिबात नव्हता. पदराखाली बाळाचं गटागट चालू होतं.

तेवढ्यात फाटकवाली काखेत कोहळा घेऊन आली. तिनं एका नजरेत सगळं बघितलं आणि कोहळा खालीच ठेवून दिला.

"हिरवा दाखवून गाडी थांबवली!" ती म्हणाली. "मायं उभं आयुष्य फाटकावर गेलं, पन असं बह्याड काम मी नाई पाह्यलं. आन् थांबलीबी गाडी!" मग सासऱ्यांकडे वळून म्हणाली, "भाऊ, लेकराले पानी पाजाचं हाये ना तुमाले? पाजा. पन त्याचा रस्ता तिच्यातून जाते. डॉक्टरीनीची ऑर्डर हाये."

आमच्या घरात सासऱ्यानं सुनेला पाणी द्यायचं, हे कधी घडलं नव्हतं. सासऱ्यांनी माठाकडे हात नेला, ग्लास भरला, आणि तोंड रस्त्याकडेच ठेवून तो ग्लास मागे केला. खांद्यावरून, न बघता. मी झेंडा काखेत मारला आणि पुढे होऊन ग्लास घेतला. किती तहान लागली होती, ते ग्लास रिकामा झाल्यावर कळलं. तो मी परत त्यांच्या हातात दिला. त्यांनी पुन्हा भरला आणि पुन्हा तसाच मागे केला.

सासूबाईंना हे सहन झालं नाही. म्हाताऱ्यानं सुनेला पाणी द्यावं आणि आपण तांब्या घेऊन बघत राहावं! त्या तरातरा आल्या आणि तिसऱ्या ग्लासात त्यांनी सगळं गूळपाणी ओतलं. "घे, पी. तुयाच्यातून जाते म्हनते ना ही, मंग जाऊ दे."

मी ते उभ्यानं प्यायले. अतिशय गोड होतं, वरून गुळातली काडी तरंगत होती.

आम्ही त्याच मोहल्ल्यात पुढे आमचं घर बांधलं. तिच्या खोल्या सोडताना तिनं लाल झेंडा माझ्या हातात दिला. मी विचारलं, हिरवा? "हिरवा नाई भेटत तुले," ती म्हणाली. "तू तो कवाबी दाखवतं." तो तिनं शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवला. ती गेली त्या दिवशी आम्ही तिला घेऊन घरातून निघताना शेजारच्या कुकरची शिट्टी झाली आणि आम्ही सगळे जण क्षणभर थांबलो. ती उठेल असं वाटलं.

तर आता आमच्या घरात नात आली आहे. पुन्हा मे महिना आहे. सुनेला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग पाहुणे येऊ लागले. आता चमच्याच्या जोडीला मोबाइलही आला आहे. कुणाच्या तरी काकूंनी कुठे तरी बघितलेलं असतं. म्हणून मी ट्रंकेतून झेंडा काढला. लाल रंग उडून गुलाबी झालाय, पण लोकांना अर्थ कळतो.

काल दुपारी, ऐन उन्हात, वाटी-चमचा घेऊन जो दाराशी आला तो पाहुणा नव्हता. माझा मुलगा होता. तोच, ज्याच्यासाठी एक बैल बाजूला झाला होता. आता त्याला मिशा आहेत.

"आई, दोनच चमचे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बघ ना बाहेर काय आग आहे. तिचा घसा सुकत असेल."

मी झेंडा उचलला. यावेळी आधी रंग बघून घेतला.

"आई, मी बाप आहे तिचा."

"असशील. फाटक बंद आहे."

"अगं, पण किती वेळ?"

"मेल जाईपर्यंत. आणि ते पाणी वाया घालवू नको. ग्लासात ओत आणि तुझ्या बायकोला दे."

तो स्वयंपाकघरात गेला, ग्लास भरून आणला, सुनेच्या खोलीच्या पडद्याशी थांबला आणि तोंड माझ्याकडे ठेवून, मागे न बघता, ग्लास धरलेला हात पडद्यातून आत घातला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. 

ग्लास रिकामा होऊन बाहेर आला.

"झालं?" त्यानं विचारलं. "उघडू का?"

आतून सुनेचा आवाज आला, चांगला खणखणीत. "आई, फाटक उघडू नका हं. अजून दुसरी बाजू राहिली आहे."

मी झेंडा दुसऱ्या हातात घेतला.